जुनी केमन की त्यातल्या त्यात नवी मस्टँग? सल्ला पाहिजे (कोल्हापूर)

शिरोलीकर

राम राम मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

शिरोली एमआयडीसीत छोटी फौंड्री आहे आमची. धंदा बरा चाललाय आणि पंचेचाळिशी आली तरी दोन दाराच्या गाडीची खाज काय जाईना. घरी इनोव्हा आहे, ती राहणारच, म्हणजे ही गाडी निव्वळ हौसेची. दोन गाड्यांवर येऊन अडकलोय आणि घरातले, मित्र, कारखान्यातला सुपरवायझर, सगळ्यांनी मिळून डोकं खाल्लंय म्हणून इथं टाकतो.

पहिली: पोर्श केमन, २०११, साधी २.९ लिटरची, पीडीके गिअरबॉक्स (पोर्शचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक). ४१ हजार किमी, दुसरा मालक, बेंगलोर पासिंग. ३८ लाख मागतोय.

दुसरी: फोर्ड मस्टँग जीटी, २०१८, ५ लिटर व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरची. २६ हजार किमी, पहिलाच मालक, पुणे पासिंग. ४६ म्हणतोय पण बसेल थोडं.

वापर म्हणाल तर रविवारी सकाळी पन्हाळा नाहीतर गगनबावडा, कधीतरी आंबोली. पावसाळ्यात झाकून उभी. पोरगी आठवीत, पोरगा चौथीत, त्यामुळं बायकोचं म्हणणं चार सीटची घ्या. माझं मन केमनकडं आहे पण १४ वर्षाच्या जर्मन गाडीत ३८ लाख घालायचे म्हटलं की रात्रीची झोप उडते. बोला.

नादखुळा०९

मस्टँग घे भावा, इचार कसला करतोस. कावळा नाक्याच्या सिग्नलला व्ही८ नुसती गुरगुरली तरी शेजारचा रिक्षावाला काच नसताना काच खाली कराय बघंल. केमन बघून निम्मी लोकं म्हणणार ही कुठली कंपनी रं. एवढं पैसं घालायचं आणि वर परत लोकास्नी समजावून सांगत बसायचं व्हय?

कट्टर_डिझेल

४६ लाखात फॉर्च्युनर येते. सात माणसं बसतात. पुरातनं पण जाते. बघा बाबा.

घाटवाट

@कट्टर_डिझेल प्रत्येक धाग्यावर तुमची फॉर्च्युनर येते, एकदा तिचाच धागा काढा म्हणजे आम्ही सगळे तिकडं येऊन बसतो.

@शिरोलीकर, तुम्ही वापर जो लिहिलाय त्यातच उत्तर आहे असं मला वाटतं. आकडे समोरासमोर ठेवतो. ताकद बघितली तर मस्टँग ४०१ पीएस, केमन २६५ पीएस, कागदावर विषय संपला. पण मस्टँगचं वजन पावणेदोन टनाच्या आसपास आणि केमन साडेतेराशे किलोच्या घरात. मस्टँगची रुंदी १९१६ मिमी, केमनची १८०१. आता हे घेऊन गगनबावड्याच्या पुढं करूळ घाटात उतरा, वळणावर समोरनं एसटी येऊ दे, ड्रायव्हर नेहमीसारखा स्वतःची बाजू सोडून आतनं येणार, त्या वेळी ते ११ सेंटिमीटर किती मोठे असतात ते कळतं.

दुसरं म्हणजे केमनचं इंजिन सीटच्या मागं आणि मागच्या चाकांच्या पुढं आहे, सगळं वजन गाडीच्या मधोमध, त्यामुळं वळणात स्टिअरिंग टाकलं की गाडी लगेच वळते. मस्टँगचं नाक एवढं लांब की पन्हाळ्याच्या वळणावर नाक कुठं संपतं त्याचा अंदाज घेण्यातच लक्ष जातं. हायवेला मात्र मस्टँगसारखं सुख नाही हेही खरं, तिथं व्ही८ शांतपणे ओढते आणि सीट मऊ आहेत. पण आपला हायवे सध्या सातारा ते कागल सहापदरीच्या कामात गुंतलाय, डायव्हर्जनला व्ही८ घेऊन काय करणार?

नादखुळा०९

एवढं गणित करून कोण गाडी घेतंय मर्दा

उद्यमनगरी

जरा लांबड लावतो, कारण इथं सगळे कुठली गाडी यावरच बोलाय लागलेत आणि जुन्या गाडीत खरा प्रश्न असतो तीच एक गाडी, तिचा तोच एक नंबर, कशी आहे.

आधी भीती कमी करतो. पोर्शच्या जुन्या इंजिनाची जी बदनामी ऐकता ना, इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग जातं आणि इंजिनच बसतं, ती २००८ पर्यंतच्या गाड्यांची. २००९ मॉडेलपासून इंजिन नवीन आलं, त्यात तो शाफ्टच नाही. आणि तुमची २.९ म्हणजे त्यातल्या त्यात साधं इंजिन. ३.४ च्या एस मॉडेलला डायरेक्ट इंजेक्शन आहे, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये, त्यात इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साठतो, २.९ ला जुन्या पद्धतीचं पोर्ट इंजेक्शन, तो त्रास नाही. थोडक्यात सांगायचं तर ती मिळतेय ही चांगली गोष्ट आहे.

आता बघायचं काय. एक, ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, रिपोर्ट काढायला लावायचा, त्यात इंजिन किती तास चाललं ते येतं. किमीला तासांनी भागा. बेंगलोरच्या ट्रॅफिकमधली गाडी असेल तर ताशी २०-२५ चा सरासरी वेग यावा. १०-१२ आला तर मीटर मागं फिरवलाय असं समजा आणि चहा न पिता परत या. मीटर फिरवणारे भरपूर आहेत, हे तास फिरवणारे कमी.

दोन, या गाडीला ऑइलची काडी नाही. लेव्हल स्क्रीनवर दिसते, आणि ऑइल व कूलंट भरायची तोंडं मागच्या डिकीत. इंजिन बघायला पुढचं बॉनेट उघडाल तर तिथं बॅगा ठेवायची जागा. सीटच्या मागं कार्पेट आहे, ते उचलून खालचं झाकण स्क्रू काढून बाजूला करायचं तेव्हा इंजिनचं दर्शन होतं. विकणारा म्हणाला एवढं कशाला उघडताय साहेब, तर आणखी आवर्जून उघडा. कूलंटचा गोडसर वास येतोय का बघा, वॉटर पंप हा या गाडीचा नेहमीचा खर्च आहे.

तीन, पुढच्या बंपरच्या दोन्ही बाजूला जाळीआड रेडिएटर आहेत, पुढंच एसीचे कंडेन्सर. तिथं पाला अडकतो आणि ओला पाला बसला की मागचं अॅल्युमिनियम कुजतं. टॉर्च मारून बघा. आंबोलीला फिरवणार असाल तर दर पावसाळ्यानंतर साफ करायला लागेल हे आत्ताच लिहून ठेवा.

चार, टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१६ म्हणजे २०१६ सालचा २३ वा आठवडा. नक्षी कितीही नवी दिसू दे, असला टायर घाटात नको. पुढचे मागचे साइज वेगळे आहेत, त्यामुळं पुढं-मागं अदलाबदल पण करता येत नाही, चारी घ्यायचे तर पैसे मोजून.

आणि पीडीके. बरीच वर्षं पोर्श हा गिअरबॉक्स उघडून दुरुस्तच करत नव्हती, अख्खा बदलायची. त्याचं तेल वेळेवर बदलल्याचं बिल नसेल तर किंमत तोडा. उद्यमनगरात तुम्हाला बुश, शाफ्ट, ब्रॅकेट काय पण टर्न करून मिळेल, कास्टिंग तर तुमचंच, पण पीडीकेला हात लावणारा माणूस आपल्याकडं मी तरी बघितलेला नाही. जवळचं म्हणजे मुंबई नाहीतर बेंगलोर, फ्लॅटबेडवर.

किमतीच्या १५ टक्के पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. नसतील ठेवता येत तर गाडी परवडत नाही असं मी म्हणेन, राग मानू नका.

शिरोलीकर

राग कसला, उलट प्रिंट काढून फाइलला लावली. १५ टक्के धरूनच ३८ चा विचार करतोय.

हिशेबनीस

दादा, एक बाब सगळ्यांच्या नजरेतून सुटली आहे. केमन २०११ ची आहे म्हणजे २०२६ मध्ये तिला १५ वर्षं होतात. दिल्लीसारखी इथे बंदी नाही, गाडी फिट असेल तर पाच-पाच वर्षांनी आरसी रिन्यू होते. पण एप्रिल २०२२ पासून फी वाढली आहे, साध्या कारला ५,००० आणि इम्पोर्टेड चारचाकीला ४०,०००. वर पर्यावरण कर.

आणि मुख्य म्हणजे कर्नाटक पासिंग. एमएच ०९ करायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, ट्रान्सफरला २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५. महाराष्ट्राचा रोड टॅक्स परत भरावा लागेल. इम्पोर्टेड गाडीला आपल्याकडे नवीन असताना २० टक्के दर आहे, जुनीला वयानुसार कमी होत जातो. हा आकडा आरटीओत बसून काढून घ्या आणि मगच बेंगलोरवाल्याशी किमतीचं बोला, कारण त्याच्या ३८ मध्ये हे काहीच नाही. कर्नाटकचा उरलेला टॅक्स परत मागायचा अर्ज करता येतो पण तो मूळ मालकाच्या कागदांवर अवलंबून, त्यामुळे मिळेल ते बोनस समजा.

कंपनीच्या नावावर घ्यायचा विचार असेल तर मला व्यनि (खासगी निरोप) करा, इथे लिहिण्यासारखं नाही. म्हणजे बेकायदेशीर काही नाही, लांबलचक आहे 😀

शिरोलीकर

ताई, हे खरंच डोक्यात नव्हतं. एजंट म्हणला होता "होतंय की सगळं". उद्याच माणूस पाठवतो आरटीओला.

पुणेरी_क्लच

मस्टँगच्या बाजूने कोणी नीट लिहीतच नाहीये म्हणून लिहितो. माझ्या मेहुण्याकडे २०१७ ची आहे. साधं इंजिन आहे, टर्बो नाही, सुपरचार्जर नाही, ५ लिटरची मोठी व्ही८, निवांत चालते. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं तेव्हा सगळे म्हणाले आता भंगार. पण ही गाडी इथे कधी बनतच नव्हती, अमेरिकेतून तयार यायची, पार्ट तेव्हाही मागवायला लागायचे आणि आताही लागतात. तिकडे ती लाखांनी विकली गेलेली असल्यामुळे पार्ट मिळतात आणि पोर्शच्या मानाने स्वस्त मिळतात. पेट्रोल मात्र शहरात लिटरला पाच-सहा किमी, त्यावर चर्चा नको.

दोन गोष्टी तपासा. एक, पुण्याची पासिंग आहे म्हणून गाडी पुण्यातच होती असं नाही. २०१९ आणि २०२१ चा पूर तुम्हा लोकांना मी काय सांगणार.

दुसरी गोष्ट मुलांची. मागच्या सीटवर पोरं बसवायची म्हणून मस्टँग घेत असाल तर युरो एनकॅप, म्हणजे युरोपातल्या धडक चाचणीचा निकाल, वाचा. जानेवारी २०१७ मध्ये तिला दोनच स्टार मिळाले होते, मागच्या प्रवाशांचं संरक्षण हा त्यातला मोठा मुद्दा होता. नंतर सुधारून तीन झाले. मेहुण्याच्या गाडीत मागे कायम लॅपटॉपची बॅग बसते.

उद्यमनगरी

पुराची गाडी ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा, अगदी गुंडाळीत राहतो तो शेवटचा वीतभर पट्टा. धुणारे सगळं धुतात पण तो भाग आत राहतो. त्याच्यावर मातकट रेघ दिसली की विषय संपला. सीटखालच्या बोल्टचा गंज पण बघा. २०१९ ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता, त्यानंतर कितीतरी गाड्या लांबच्या शहरात जाऊन चकाचक होऊन परत आपल्याकडंच विकायला आल्यात.

रस्तेवाला

मी सिव्हिलवाला. दोन्ही गाड्या खाली घासणार हे कुणी बोलेना म्हणून सांगतो. आयआरसीप्रमाणं (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांची मापं ठरवणारी संस्था) गोल स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद पाहिजे. एवढ्या रुंदीचा असेल तर केमन पण आरामात जाते. आपल्याकडं तो गल्लीतली पोरं आणि उरलेलं डांबर मिळून ठरवतात, उंची तीच किंवा जास्त आणि रुंदी हातभर. मस्टँगला दोन चाकात अंतर जास्त, मधोमध टेकायची शक्यता तिचीच. केमनचं पुढचं ओठ घासणार. घर ते हायवे इनोव्हातनं एकदा फिरा आणि ब्रेकर मोजा. बंगल्याचा रॅम्प पण बघा, आपल्याकडं पाणी आत येऊ नये म्हणून रॅम्प असा उभा करतात की मारुती पण बोंबलते.

घाटवाट

ई-२० चं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं काय? आता सगळीकडं तेच पेट्रोल आहे.

उद्यमनगरी

पोर्श त्या काळातल्या गाड्यांना ई-१० पर्यंत चालतं म्हणते. २० चं रबर, सील, पंप यांच्यावर हळूहळू काय होईल ते होईल, पण आमच्या बघण्यात जास्त त्रास उभ्या राहणाऱ्या गाडीला. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि शिरोलीकर चार महिने झाकून ठेवणार म्हणतात. एकतर इंडियन ऑइलचं एक्सपी १०० पेट्रोल भरून ठेवा, त्यात इथेनॉल नसतं पण भाव ऐकून बसाय लागतं, नाहीतर पावसातपण उघडीप बघून पंधरा दिवसातनं एकदा नीट गरम होईस्तोवर फिरवा. मस्टँगला पण हेच.

नादखुळा०९

ऊस आपला, कारखाना आपला, इथेनॉल आपलं, आणि गाडी पण आपलीच खराब. चांगलं हाय 😂

शिरोलीकर

अपडेट देतो. रविवारी सगळ्यांना घेऊन पुण्याला मस्टँग बघून आलो.

गाडी सुंदर. चालू केली तेव्हा पोरगं टाळ्या वाजवाय लागलं, खोटं कशाला सांगू, माझ्या पण अंगावर काटा आला. सीटबेल्ट चारी ओढून बघितले, मालक आधी चमकला मग हसाय लागला. स्वच्छ. बोल्ट स्वच्छ. सर्व्हिसची सगळी बिलं. माणूस पण सरळ वाटला.

मग पोरांना मागं बसवलं. पोरगी उंच आहे माझी, मी माझ्या हिशेबानं सीट लावल्यावर तिचे गुडघे माझ्या पाठीत आणि डोकं मागच्या काचेला. मधला भाग वर आलेला असल्यामुळं तिला सरकता पण येईना. एक चक्कर मारली आणि परत येताना ती काय आमच्याबरोबर बसली नाही, आईबरोबर इनोव्हात. बायको म्हणाली, "हिच्यात चौघांनी जायचं म्हणजे पोरांचे पाय घरात ठेवून जायला पाहिजेत. त्यापेक्षा दोनच सीटची घ्या, निदान मला मागं बसायला तरी कोण सांगणार नाही."

म्हणजे मस्टँगसाठी घरातनं जो एकमेव मुद्दा होता तो घरातल्यांनीच काढून घेतला.

पुणेरी_क्लच

मेहुण्याच्या लॅपटॉपच्या बॅगेची तक्रार नाही बरं का 😀

नादखुळा०९

वैनींचा पॉईंट बरोबर हाय. मी मत बदलत न्हाई पण गप्प बसतो.

कट्टर_डिझेल

फॉर्च्युनरला तिसरी रांग आहे.

शिरोलीकर

बेंगलोरला पण जाऊन आलो, @उद्यमनगरी साहेबांच्या लिस्टसकट. तिथल्या एका पोर्शच्याच जुन्या मेकॅनिकला पैसे देऊन गाडी लिफ्टवर चढवली.

इंजिन १,७१० तास. ४१ हजार भागिले १,७१० म्हणजे ताशी २४, मीटर खरा. सीटमागचं झाकण उघडायला विकणाऱ्यानं स्वतःच स्क्रूड्रायव्हर आणून दिला. आत वॉटर पंपाच्या खाली गुलाबीसर वाळलेला डाग, म्हणजे पंप पाझरतोय, मेकॅनिक म्हणला आज ना उद्या बदलायचा. टायर पुढचे २०२२ चे, मागचे २०१७ चे. उजव्या बाजूच्या रेडिएटरपुढं पाल्याचा गठ्ठा, बोटानं ओढला तर बुचासारखा अख्खा बाहेर आला, मागचे फिन एका कोपऱ्यात पांढरे पडलेत. पीडीकेचं तेल २०२१ ला बदलल्याचं बिल आहे. सकाळी थंड इंजिन चालू करताना थोडा धूर आला, मेकॅनिकच्या मते असल्या आडव्या सिलिंडरच्या इंजिनला तेवढा चालतो, लगेच थांबला पण.

चालवायला दिली. शहराबाहेर एक तुकडा मोकळा मिळाला, १२० ला मागचा स्पॉयलर आपोआप वर आला, आरशात दिसतो. वेगाचं मस्टँगपुढं काही नाही. पण वळणावर जे घाटवाट लिहीत होते ते पहिल्याच गोलाला कळलं, हातात येतं सगळं.

टॅक्सचा आकडा, रिन्युअल, पंप, मागचे टायर, सगळं एका कागदावर लिहून त्याच्यापुढं ठेवलं. दोन तास घासाघीस झाली, मध्ये फिल्टर कॉफी झाली. साडेचौतीसला तुटलं. टोकन दिलंय, एनओसी हातात आल्याशिवाय बाकीचे देणार नाही असं लिहून घेतलंय.

हिशेबनीस

अभिनंदन दादा. एनओसी आली की तिच्यावर चेसिस नंबर आरसीशी अंकाअंकाने जुळवून बघा, एक अंक चुकला तर परत बेंगलोर. इन्शुरन्स पण लगेच नावावर करून घ्या, १५०० सीसीच्या वर नुसता थर्ड पार्टीच जून २०२२ च्या दराने ७,८९७ रुपये आहे आणि एवढ्या जुन्या गाडीला झिरो डेप (घसारा न कापता भरपाई) मिळायची आशा ठेवू नका. त्यामुळे आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, किती लिहिताहेत ते भांडून ठरवा.

उद्यमनगरी

चांगली तोडलीसा. पंप बदलताना थर्मोस्टॅट पण त्याच वेळी बदला, मजुरी एकदाच लागंल. आणि तो रेडिएटर या पावसाळ्याच्या आधी.

घाटवाट

पहिल्या रविवारी गगनबावडा, सकाळी सहाला रंकाळ्यावर भेटू. माझी स्विफ्ट आहे, पुढं निघून गेला तरी वरती चहा सांगून ठेवा.

नादखुळा०९

दसऱ्याला महाराजांची जुनी मेबॅक गाडी बघाय जाशील तवा ही गाडी दसरा चौकाच्या गर्दीत घालू नको म्हणजे झालं. अभिनंदन भावा. आता एक सांग, ती पुण्याची मस्टँग अजून हाय का? मालकाचा नंबर व्यनि कर.

शिरोलीकर

@नादखुळा०९ व्यनि केलाय. मागचे टायर गेलेत तिचे, त्याचे पैसे आधी तोड. ४४ च्या खाली येईल असं बोलण्यावरनं वाटलं.